इंग्लंडातील गावांची जुनी छायाचित्रे



वसंतातल्या या व्याख्यानसत्रात राजकारण, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय रांगेने मांडलेले असताना आम्ही इंग्लंडातील गावांच्या जुन्या छायाचित्रांवर बोलायला उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. परक्या मुलखातल्या पडक्या सराया, धुरकट गल्ल्या आणि ओळख ना देख अशी माणसे पाहून आपल्या पदरात काय पडणार? शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की, आपले गाव कसे होते हे पुढच्या पिढीला कळावे म्हणून एखादा समाज किती खटाटोप करतो, त्यात त्याला कोठे यश येते आणि त्याच्या नजरेतून काय निसटते, हे पाहायचे असेल तर इंग्लंडाइतके भरगच्च उदाहरण क्वचितच सापडेल. त्यात त्यांच्यासाठी जितके आहे तितकेच आपल्यासाठीही आहे.

आरंभ एका खिडकीपासून करू. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात लेकॉक नावाचे खेडे आहे. तेथल्या जुन्या मठाच्या वास्तूत विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हे विद्वान गृहस्थ राहत असत. इ. स. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्याच घराची एक जाळीदार खिडकी रसायन लावलेल्या कागदावर उतरवली. जगात आज टिकून असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. आकाराने टपालाच्या तिकिटाएवढी. पण आम्हाला तिच्याइतकेच मोल वाटते ते तिच्यासोबत टॅल्बटसाहेबांनी लिहून ठेवलेल्या टिपणाचे. हे काय आहे, कोणत्या महिन्यात काढले, आणि प्रथम काढले तेव्हा भिंगातून पाहिल्यास खिडकीची सुमारे २०० काचतावदाने मोजता येत होती, एवढे त्यांनी त्यात नोंदले आहे. म्हणजे चित्राचा जन्म झाला त्याच दिवसांत त्याच्या जन्मपत्रिकेचाही जन्म झाला. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. आमच्या भाषणाचा सगळा रोख तिच्याकडेच आहे.

पुढे १८४४ ते १८४६ या काळात टॅल्बट यांनी 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले. त्यात ऑक्सफर्डमधील एका विद्यालयाच्या दाराचे चित्र देताना त्यांनी मोठी मार्मिक गोष्ट सांगितली आहे. चित्र काढणाऱ्याला स्वतःलाही पुष्कळदा मागाहून कळते की, त्याच्या ध्यानीमनी नसलेल्या कितीतरी गोष्टी चित्रात येऊन बसल्या आहेत. इमारतीवरचे लेख आणि सन, भिंतीवरच्या जाहिराती, फार काय, लांबच्या घड्याळात किती वाजले होते तेही! श्रोतेहो, जुन्या छायाचित्रांचे सारे मर्म यात आले. काढणारा एक वस्तू टिपायला जातो, आणि काळ त्याच्या नकळत दुसरीच वस्तू राखून ठेवतो.

मात्र ही चित्रे वाचायला शिकावे लागते. पहिल्या पंचवीस-तीस वर्षांची इंग्रजी शहरांची चित्रे पाहिली तर रस्ते ओस पडलेले दिसतात. जणू पटकीच्या साथीने सारे गाव पळून गेले आहे! वास्तविक रस्ता माणसांनी गजबजलेला असे. पण काचेवर किंवा कागदावर चित्र उमटायला कित्येक सेकंद, कधी मिनिटे लागत; तेवढ्यात चालणारा माणूस चित्रातून निघून जाई. उभा राहिला तो राहिला, हलला तो धूसर भूत झाला. घोडा मान हलवी, म्हणून घोड्याला दोन तोंडे. तेव्हाची रसायने निळ्या रंगाला फार भुलत आणि लाल रंग त्यांना दिसत नसे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे आणि लाल निशाण काळेठिक्कर. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर ओले कोलोडियन लावण्याची रीत काढली. चित्र स्वच्छ येऊ लागले, पण काच वाळण्याच्या आत सगळे उरकावे लागे. म्हणून छायाचित्रकार आपली अंधारी राहुटी पाठीवर किंवा हातगाडीवर घेऊन हिंडे. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि मगच चालता-बोलता माणूस चित्रात ठरू लागला. हे ठाऊक नसेल तर यंत्राचा दोष आपण गावाच्या माथी मारू.

आता इमारतींकडे येऊ. लंडनमध्ये सेंट पॉल देवळाजवळ वॉर्विक लेन नावाच्या गल्लीत 'ऑक्सफर्ड आर्म्स' ही घोडागाड्यांच्या जमान्यातली सराई होती. मध्ये मोठे अंगण, भोवती लाकडी कठड्यांचे सज्जे. आगगाडी आली, सराईचे दिवस सरले, आणि १८७५ साली ती पाडण्याचे घाटू लागले. ती वाचवता येत नाही असे दिसल्यावर काही मंडळींनी ठरवले की, निदान तिचे चित्र तरी राखावे. यातून 'सोसायटी फॉर फोटोग्राफिंग रेलिक्स ऑफ ओल्ड लंडन' ही संस्था निघाली. आल्फ्रेड मार्क्स हे तिचे चालक. १८८६ पर्यंत तिने १२० चित्रे काढवली. नेहमीच्या चांदीच्या क्षारांवरील प्रती काही वर्षांत फिक्या पडत, म्हणून या मंडळींनी न विटणाऱ्या कार्बन-पद्धतीच्या प्रती करवल्या. किती दूरदृष्टी! सराई गेली; तिच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्या आणि कठडे मात्र आजही पाहता येतात.

पण यात एक बोचही आहे. छायाचित्र काढले म्हणजे आपले कर्तव्य झाले, अशी समजूत करून इमारत निश्चिंतपणे पाडता येते. १८३७ साली बांधलेली लंडनच्या यूस्टन स्टेशनची भव्य कमान १९६१-६२ साली पाडली. तिची चित्रे भरपूर होती, विरोधही जोरदार झाला. कमान काही राहिली नाही. चित्र हा वास्तूचा मृत्यूलेख होऊ शकतो, तिचे संरक्षण त्याने आपोआप होत नाही. इंग्रजांनाही ही गोष्ट किंमत मोजूनच कळली.

सगळेच काही अशा कळकळीने चालले नव्हते. पुष्कळसे काम व्यापाराने केले. फ्रान्सिस फ्रिथ या गृहस्थाने लिव्हरपुलात किराण्याच्या व्यापारात पैसा केला, इजिप्तची सफर करून पिरॅमिडांची चित्रे आणली, आणि मग सरे परगण्यात रायगेट येथे कंपनी काढून ब्रिटनमधल्या प्रत्येक शहराचे आणि खेड्याचे चित्र विकायचे असा चंग बांधला. फ्रिथ १८९८ मध्ये वारला, पण कंपनी १९७० च्या सुमारापर्यंत चालली. १९०२ साली टपालखात्याने पोस्टकार्डाच्या एकाच बाजूला पत्ता आणि मजकूर लिहायला मुभा दिली. दुसरी बाजू सबंध चित्राला मोकळी झाली आणि या धंद्याला भरती आली. मुख्य पेठ, देऊळ, पूल, समुद्रकिनारा यांची कार्डे अर्ध्या पेनीच्या तिकिटावर घरोघर पोहोचली. या कंपनीने प्रत्येक काचेला क्रमांक दिला होता. तो केवळ दुकानाच्या हिशेबासाठी; पण आज त्याच क्रमांकावरून कोणते चित्र कोणत्या वर्षाचे हे ठरवता येते. वाण्याची वही इतिहासाच्या उपयोगी पडली ती अशी.

व्यापाऱ्याने विकेल ते टिपले. ज्यांनी गावासाठी म्हणून टिपले त्यांचीही गोष्ट ऐका. बर्मिंगहॅमचे एक शिक्षक जेरोम हॅरिसन यांनी १८८९ मध्ये अशी कल्पना मांडली की, हौशी छायाचित्रकारांनी आपापला परगणा वाटून घेऊन पद्धतशीर पाहणी करावी. त्यातून वॉर्विकशरची पाहणी सुरू झाली. बर्मिंगहॅमचेच सर बेंजामिन स्टोन पार्लमेंटात निवडून गेले होते. त्यांनी १८९७ मध्ये हे काम साऱ्या देशासाठी हाती घेतले आणि जमलेल्या हजारो प्रती ब्रिटिश म्युझियमच्या हवाली केल्या. चित्रात रंगरंगोटी करायची नाही, प्रत टिकाऊ पद्धतीची हवी, आणि पाठीमागे स्थळ, तारीख व काढणाऱ्याचे नाव हवे, असा या पाहण्यांचा दंडक असे. १९१६ साली तर हे काम कसे करावे, चित्रे कशी लावावीत, यावर 'द कॅमेरा ॲज हिस्टोरियन' हे जाडजूड पुस्तकच निघाले.

एवढी शिस्त; आणि तरी नजरेतून काय निसटले पाहा. या मंडळींना जुनी देवळे, लाकडी घरे, वेशीवरचे दगड आणि लोप पावणारे उत्सव यांची ओढ फार. स्टाफर्डशरमधल्या ॲबट्स ब्रॉम्ली गावी रेनडियरची शिंगे खांद्यावर घेऊन नाचतात, त्याचे चित्र स्टोनसाहेबांनी आवर्जून काढले. पण ज्या बर्मिंगहॅमने त्यांना पार्लमेंटात धाडले, त्या शहराच्या कारखान्यांच्या बोळांत पहाटे कामाला जाणाऱ्या माणसांकडे यंत्र वळवावे असे या पाहणीवाल्यांच्या सहसा मनात आले नाही. जे रोज दिसते ते जुने नाही, आणि जुने नाही ते जपण्याजोगे नाही, असा हिशेब. आपणही तोच करतो, नाही का?

रोजचे जीवन टिपले ते वेगळ्याच वाटेने गेलेल्या लोकांनी. जॉन थॉमसन याने अडॉल्फ स्मिथ या लेखकाच्या साथीने १८७७-७८ मध्ये लंडनच्या रस्त्यावरची माणसे चितारली: फुलवाल्या, फेरीवाले, झाडूवाले. त्यात एका पायरीवर बसलेली एक थकलेली बाई आहे, मांडीवर मूल. चित्र पाहून आपण म्हणू, आई आहे. शेजारचा मजकूर सांगतो की ती शिंप्याची विधवा, मूल दुसरीचे. त्या मुलाची आई कॉफीच्या दुकानात राबते, आणि ही ते सांभाळते त्याबद्दल हिला चहा आणि पावाचा तुकडा मिळतो. मजकूर नसता तर चित्र खोटे बोलले असते, आणि आपण त्यावर विश्वास ठेवला असता.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी हे कोळ्यांचे बंदर. तेथे फ्रँक सटक्लिफ याचा स्टुडिओ होता. हवापालटाला आलेल्या पाहुण्यांचे चेहरे टिपून त्याचे पोट भरे. मन मात्र धक्क्यावरच्या कोळ्यांत आणि गळाला आमिष लावणाऱ्या त्यांच्या बायकांत. १८८६ मध्ये त्याने पाण्यात नागडी डुंबणारी पोरे टिपली. गावचे पाद्री खवळले आणि त्यांनी त्याला धर्मबहिष्कृत केले; इकडे युवराजांनी त्याच चित्राची मोठी प्रत मागवली! लंडनात पॉल मार्टिन हा लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर काखेत पुडके असावे तसा कॅमेरा घेऊन १८९० नंतरच्या वर्षांत बाजारात हिंडला. लोकांना पत्ताच नाही.

लँकेशरमधील ब्लॅकबर्नची मिचेल आणि केन्यन ही जोडी तर चलच्चित्रवाली. दुपारी गिरणी सुटताना दारात यंत्र लावायचे आणि संध्याकाळी जत्रेच्या तंबूत, या, स्वतःलाच पाहा, म्हणून तिकीट लावायचे. इतिहासाची सेवा त्यांच्या गावीही नव्हती. १९९४ साली ब्लॅकबर्नच्या एका दुकानाच्या तळघरात त्यांच्या सुमारे ८०० फिती सापडल्या. इतिहास जपायला निघालेल्या थोरामोठ्यांनी ज्या गिरणी-कामगारांकडे पाहिले नाही, ते या तंबूवाल्यांमुळे आज आपल्यासमोर चालत येतात: पायांत लाकडी तळाचे जोडे, बायांच्या डोक्यावर शाली, आणि बोडक्या डोक्याचा पुरुष औषधालाही नाही. त्या कापसाच्या गिरण्यांचा धागा आपल्यालाही जोडलेला आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत मुंबई बंदरातून जो कापूस गेला, तो याच लँकेशरच्या चात्यांवर चढला.

आता जरा अवघड भाग. गरिबाच्या वस्तीचे चित्र कोण काढतो आणि कशासाठी? विसाव्या शतकाच्या आरंभी बर्मिंगहॅममध्ये पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांची चित्रे घेतली गेली ती पुरावा म्हणून, की ही घरे राहण्यास नालायक आहेत. आणि ती तशी होतीच. एका चौकात अनेक कुटुंबे आणि त्यांत मोजके सामायिक संडास. त्या घरांचा आम्ही गोडवा गाणार नाही. पण चौकशीच्या कागदाला टाचलेल्या त्या चित्रात दारात उभी असलेली बाई ही आपल्याच घराविरुद्धची साक्षीदार झाली आहे, आणि तिला कोणी विचारलेले नाही. पुढे बहुतेक घरे गेली. त्यांतला शेवटचा एक चौक नॅशनल ट्रस्टने दुरुस्त करून २००४ मध्ये लोकांना पाहायला खुला केला. ज्या घरांना लाज म्हणून पाडले, त्यांतले उरलेसुरले आता तिकीट काढून पाहतात!

१९३७ मध्ये 'मास ऑब्झर्वेशन' या मंडळींनी सामान्य इंग्रज माणसाचा अभ्यास करायचे ठरवले, आणि हम्फ्री स्पेंडर हा तरुण बोल्टन या गिरणगावात कोटाआड लायका कॅमेरा दडवून हिंडू लागला. गुत्ते, मतदान, वाळत घातलेले कपडे, असे सुमारे ९०० प्रसंग त्याने टिपले. चित्रे अमोल आहेत. पण न विचारता लोकांच्या आयुष्यात डोकावण्याची खंत त्याने स्वतःच पुढे बोलून दाखवली. १९६० नंतर मँचेस्टर आणि सॅलफर्डच्या वस्त्या पाडल्या जात होत्या, तेव्हा शर्ली बेकर ही बाई त्याच गल्ल्यांत पोरांचे खेळ आणि उंबऱ्यावरच्या गप्पा टिपत होती. भिंत तीच, दारिद्र्यही तेच. पण एका चित्रात ते प्रकरण आहे आणि दुसऱ्यात ते घर आहे.

मग युद्ध आले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेन्ट्री जळाले आणि तेथील कॅथेड्रलच्या केवळ बाहेरच्या भिंती आणि मनोरा उरले. उद्या काय पडेल याचा नेम नाही, म्हणून १९४१ मध्ये 'नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्ड' ही संस्था घाईघाईने उभी केली. जे उभे आहे ते टिपा, एवढाच मंत्र. तो संग्रह आज स्विंडन येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. नॉरिच शहरात मात्र जॉर्ज प्लंकेट हा हौशी तरुण कोणी न सांगता १९३१ पासूनच गल्लीबोळ टिपत होता. एप्रिल १९४२ मध्ये नॉरिचवर बाँब पडले. त्याने टिपलेली कितीतरी घरे दोन रात्रींत गेली. त्याच्या टिपणांतले गल्लीचे नाव आणि तारीख राहिली.

एका गोष्टीची नोंद तर कोणीच मुद्दाम घेतली नव्हती. ती म्हणजे काजळी. १८५८ साली उघडलेले लीड्सचे नगरभवन जुन्या चित्रांत कोळशाच्या भिंतीसारखे दिसते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुके बसले, हजारो माणसे दगावली, १९५६ मध्ये धुराविरुद्ध कायदा झाला, आणि पुढे इमारती धुऊन निघाल्या. आज तेथे जाणाऱ्याला दगडाचा मूळ रंग दिसतो आणि वाटते, शहर असेच होते. लोकांच्या छातीत काय जात होते याची साक्ष आता ती काळी चित्रेच देतात.

शेवटी बेल व्ह्यू स्टुडिओची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आपल्या बाजूची माणसे आहेत. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम लेनवर १९२६ ते १९७५ पर्यंत हा स्टुडिओ चालला. युद्धानंतर भारतीय उपखंडातून लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळी करायला गेलेले तरुण तेथे येत. अंगात कोट, खिशाला पेन, मनगटावरचे घड्याळ दिसेल असा हात. ते चित्र पाकिटात घालून घरी धाडायचे, म्हणजे आईने म्हणावे, पोरगा सुखात आहे. या हजारो काचा फेकून दिल्या जाण्यापासून वाचल्या आणि तेथील संग्रहालयात गेल्या. चेहरे स्वच्छ आहेत, कापडाची वीण दिसते, पेनाचा चाप दिसतो. पण अनेकांची नावे काचेवर नाहीत. ती सांगायची तर त्यांच्या लेकरा-नातवंडांनीच सांगायची. लेकॉकच्या खिडकीला तावदानांच्या संख्येसकट नोंद मिळाली, आणि समुद्रापार गेलेल्या त्या आईच्या लेकाला मिळाली नाही.

श्रोतेहो, ही विद्या आपल्याकडे उशिरा आली असे म्हणायची सोय नाही. लंडनची छायाचित्रसंस्था १८५३ ची, आणि मुंबईची १८५४ ची. तिच्या कार्यकारी मंडळात डॉ. नारायण दाजी होते. अंतर अवघ्या एका वर्षाचे. त्यांना जमले आणि आपले राहिले, ते यंत्राअभावी नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी पुण्यात शिरले तेव्हा नदीकाठचे वाडे तर गेलेच. त्यांतल्या ट्रंकांमध्ये काय काय होते याची यादी कोणी केलेली नव्हती.

आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चित्रे उदंड होतात आणि कोणाची, कोठली, केव्हाची हे कोठेही लिहिलेले नसते. तेव्हा आमची विनंती लहानशी आहे. घरी गेल्यावर भिंतीवरची आणि ट्रंकेतली चित्रे खाली काढा. घरात जे वडीलधारे आहेत त्यांच्याजवळ बसा. आत्या, मावशी, पलीकडे उभा असलेला गडी, दाराशी आलेली भाजीवाली, सगळ्यांची नावे विचारा आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहा, शाई उमटते. गाव आणि साल लिहा. देवळाचे चित्र पुष्कळांकडे असते. नळाच्या रांगेचे, पिठाच्या गिरणीचे, शाळेच्या फाटकाचे एकेक काढून ठेवा. आणि गावच्या वाचनालयाने यासाठी एक कपाट मोकळे करावे, अशी अध्यक्षमहाराजांच्या साक्षीने आम्ही चालकांना विनंती करतो.

हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. चित्र आणखी शंभर वर्षे टिकेल. नाव सांगणारी आजी तितकी थांबणार नाही.